सिंगापूरचे ‘९० टक्के’: जागा वेगळ्या, मतं वेगळी

‘सिंगापूरमध्ये ९० टक्के जनतेने एकाच पक्षाला मत दिलं, कारण तिथे विरोधी पक्षांना बंदी आहे’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

३ मे २०२५ च्या निवडणुकीत सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीने ९७ पैकी ८७ जागा जिंकल्या. म्हणजे ९० टक्के झाल्या त्या जागा. मतं मिळाली सुमारे ६५.६ टक्के. २०२० मध्ये ती ६१ टक्क्यांच्या आसपास होती, तरी जागा ९३ पैकी ८३!

हा फरक पडतो कसा? आपल्यासारखीच तिथेही सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो. त्यात १९८८ पासून गट मतदारसंघ आले. आता अशा मतदारसंघात चार-पाच उमेदवारांचा संघ एकत्र लढतो आणि जिंकणारा संघ सगळ्या जागा नेतो. संघात निदान एक उमेदवार अल्पसंख्याक समाजातला असावा लागतो. उद्देश चांगला, पण छोट्या पक्षांना एवढे तगडे उमेदवार जमवताना घाम फुटतो, ही टीकाही जुनीच.

बंदीचं म्हणाल तर वर्कर्स पार्टीने २०२५ मध्ये १० जागा जिंकल्या. २०११ मध्ये तिने अल्जुनीद हा गट मतदारसंघ घेतला, तेव्हा खुद्द परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो पडले होते. स्पर्धा समान पातळीवर होते का, हा वाद खरा आहे. पण तो वेगळा.