एकतारी ऑइल

आमच्या घरात ‘पातळ’ हा शब्द मानाने उच्चारला गेला तो फक्त आजी नऊवारी सोडून पाचवारी पातळ नेसायला लागली तेव्हा. एरवी पातळ म्हणजे अपमान. पातळ आमटी म्हणजे यजमानाची दानत नाही, पातळ दूध म्हणजे भय्याने पाणी घातलं, पातळ खीर म्हणजे सून नवी आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दुप्पट पैसे मोजून पातळ ऑइल विकत घ्यायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

गाडीची वॉरंटी मार्चमध्ये संपली. तोवर आत कुठलं ऑइल आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण बिलातली फक्त शेवटची ओळ वाचायची आणि घाम पुसायचा एवढंच माझं काम. आता गाडी गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. आमच्या घरातली तीन वाहनं त्यांच्याच हातून गेली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे कुलोपाध्यायाचा शब्द. त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरला, बोटं हळूच लांब केली आणि चेहरा पाडला.

“साहेब, हे तर पाणी आहे.”

मी बोनेटखाली वाकलो. ऑइल ओतायच्या झाकणावरच लिहिलेलं होतं : ०डब्ल्यू-२०.

“कंपनी लिहिणारच,” मिस्त्री म्हणाले. “आपण बीस-चालीस टाकू. इंजिन मख्खन.”

आपण दर्जेदार समजतो त्या वस्तूच्या नावात शून्य असू नये, एवढं मलाही वाटत होतंच. “घरी विचारून सांगतो,” असं म्हणून मी निघालो. हे वाक्य मी आजवर फक्त विमा एजंटांसाठी राखून ठेवलं होतं.

घरी बाबा होते. बाबांची ऑइलशी ओळख टू-स्ट्रोक स्कूटरपासूनची. पंपावर पेट्रोलमध्ये टूटी ऑइल पडतंय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि सकाळी स्कूटर आडवी केल्याशिवाय किक मारायची नाही, ही त्यांची विद्या. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“शून्य ते वीस म्हणजे तापमान. हे काश्मीरचं ऑइल आहे. आपल्याकडे थंडीत रात्री दहा-बारा, मेमध्ये चाळीस. वीस-चाळीस! बघ, पुण्याचंच हवामान लिहिलंय त्यावर.”

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की मी रात्रभर तो तोडायला वाचत बसलो. अमेरिकेतल्या एसएई नावाच्या संस्थेने जे-३०० या मानकात हे आकडे बांधून दिलेत. ते तापमानाचे अंश नाहीत, नुसते वर्ग आहेत, आपल्या इयत्तेसारखे. डब्ल्यू म्हणजे वेट नाही, विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल गारठल्यावर किती वाहतं ते सांगतो. शून्यवाल्याची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते, मिस्त्रींच्या वीस-चाळीसची उणे १५वर. पुण्याचा नीचांक आहे १.७ अंश, तोही जानेवारी १९३५चा. म्हणजे उणे ३५ची तयारी केलेलं हे ऑइल कोथरूडच्या सिग्नलला उभं राहणार. मिनेसोटातल्या आत्येभावाला विचारावं, तिथे खरी थंडी असते, म्हणून फोन केला. तो म्हणाला, “बोनेट? मी कधी उघडलंच नाही रे.”

दुसरा आकडा १०० अंशांवरचा. त्या तापमानाला २० नंबरचं ऑइल साधारण सात ते नऊ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं माप), ४० नंबरचं साडेबारा ते सोळा. म्हणजे मिस्त्रींचं ऑइल गरम इंजिनात जवळजवळ दुप्पट घट्ट. इथे मी गोंधळलो. थंडीत शून्य आणि गरम झाल्यावर वीस, म्हणजे हे ऑइल तापल्यावर घट्ट होतं की काय?

कोडं सोडवलं आईने. तिने इंजिन फक्त बाहेरून पाहिलंय.

“पाक कढईत बघून कधी कळलाय का रे? उकळताना सगळेच पातळ दिसतात. ताटलीत थेंब टाकायचा, गार होऊ द्यायचा, मग बोटांत धरून तार बघायची. कुठलाही पाक गार झाला की घट्टच होणार. फक्त एकतारी कमी होतो आणि गोळीबंदाचा दगड.”

हेच ते. शून्यवालं ऑइलही थंड असताना घट्टच असतं, १०० अंशांवर असतं त्याच्या कितीतरी पट. फक्त मिस्त्रींच्या वीस-चाळीसइतकं गोठत नाही, म्हणून सकाळी किल्ली फिरवली की लवकर वर पोचतं. आणि मिस्त्रींनी दोन बोटांत जी तार पाहिली ती थंड इंजिनाची होती की तापलेल्या, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. आई तिथे असती तर हातावर चापट मारली असती.

मिस्त्री खोटं बोलत नव्हते, हे मात्र कबूल करायला हवं. ज्या फियाट आणि अँबॅसेडर खोलत त्यांचे केस पांढरे झाले, त्यांत वीस-चाळीस, वीस-पन्नासच शोभायचं. झिजलेल्या इंजिनात घट्ट ऑइल टाकलं की टॅपेटचा आवाजही दबतो. आताच्या इंजिनात मात्र फटी नेमक्या, वाटा अरुंद, आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे हे ठरवणारी यंत्रणाच ऑइलच्या दाबावर हलते. शिवाय घट्ट ऑइल ढकलायला जोर लागतो आणि तो पेट्रोलमधूनच येतो. कंपन्यांना सरकारी ॲव्हरेजच्या नियमांत बसायचं असतं, म्हणून ऑइल आणखी पातळ होत चाललंय. १६ नंबर आलाय, १२ आणि ८चे वर्गही जे-३००मध्ये ठरवून ठेवलेत. आठ नंबरचं बाबांना अजून सांगितलेलं नाही.

गाडीसोबतचं पुस्तक काढलं, तर त्यात बारीक अक्षरात : ०डब्ल्यू-२० न मिळाल्यास ५डब्ल्यू-३० चालेल. झालं! मिस्त्रींना कळताच त्यांनी भाजीबाजारासारखा भाव लावला. “बीस-चालीस राहू द्या. पाच-तीस घ्या. तुमचंही नको, माझंही नको.”

शेवटी मी नाना पेठेत गेलो, कारण ‘न मिळाल्यास’ म्हणण्याआधी शोधायला तरी हवं. तिसऱ्या दुकानात मिळालं. भाव ऐकून मी डबा हलवून पाहिला. डुबुक डुबुक आवाज आला, अगदी पातळ.

“पाणीदार वाटतं हो,” मी म्हणालो.

“साहेब, डब्ल्यू म्हणजे वॉटर,” दुकानदार शांतपणे म्हणाला. “झिरो डब्ल्यू. पाणी झिरो. एकदम शुद्ध.”

मी पैसे दिले. इतकं खात्रीलायक उत्तर मला रात्रभर वाचूनही मिळालं नव्हतं.

मिस्त्रींनी जुनं ऑइल सोडलं, फिल्टर बदलला आणि नवीन ओतताना मान दुसरीकडे वळवली, श्राद्धाला बाहेरून मागवलेला स्वयंपाक बघावा तशी. “काही झालं तर मला बोलायचं नाही,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडक्या बंद करून, एफएम बंद करून, श्वास रोखून इंजिन ऐकलं. काही वाजत नव्हतं. मागचा गाडीवाला तेवढा वाजवत होता.

डबा साडेतीन लिटरचा, गाडीत गेलं तीन लिटर आणि थोडं. उरलेलं गॅलरीत ठेवलं. रविवारी बाबांनी ते झोपाळ्याच्या कड्यांना घातलं. मंगळवारी झोपाळा पुन्हा कुरकुरायला लागला. तिथे ग्रीस लागतं, हे मी सांगणार होतो. पण बाबा झोपाळ्यावर बसून, पायाने मुद्दाम हलके हलके झोके घेत, प्रत्येक कुरकुरीला माझ्याकडे बघत होते.

“पातळ आहे,” ते म्हणाले.