मकावात मँडरिन शिकावी की कँटनीज?

मराठी-कोकणीचा विषय निघाला की गोव्यात गाडी एकाच जागी अडते: कोकणी भाषा की मराठीची बोली? १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही ती तिथेच आहे. मकावात, म्हणजे चीनमधल्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीत, नोकरीला येणारा गोंयकार तोच प्रश्न सोबत आणतो. चीनची राजभाषा मँडरिन ही खरी भाषा, मकावात बोलली जाणारी कँटनीज तिची बोली, मग बोली कशाला शिका?

हा हिशेब इथे चुकतो. पेडण्यातला मराठीवाला आणि काणकोणातला कोकणीवाला भांडतात तेव्हा दोघांनाही समोरच्याचं बोलणं कळत असतं. बीजिंगच्या माणसाला कँटनीज नुसती ऐकून कळत नाही. मँडरिनमधले एक, सहा, दहा म्हणजे ई, ल्यौ, शृ. कँटनीजमध्ये यात्, लुक्, साप्.

गोव्याशी साम्य आहे ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या कितीतरी घरांत बोलणं कोकणी, पण वर्तमानपत्र आणि कीर्तन मराठी. कँटनीज माणूसही घरात एक बोलतो आणि अर्ज-बातमी मँडरिनच्या वळणाने लिहितो. त्यामुळे नुसती कँटनीज शिकून वाचन जमत नाही.

उच्चारांत मराठी कान उपयोगी पडतो, फक्त वही देवनागरीत ठेवा. मँडरिन रोमन अक्षरांत लिहायच्या पिनयिन पद्धतीतला 'बी' म्हणजे आपला 'प', 'पी' म्हणजे ओठ जुळवून म्हटलेला 'फ'. 'डी' त्याच न्यायाने 'त', 'टी' 'थ'. रोमन वाचून 'ब', 'ड' म्हणणारे इथेच फसतात. कँटनीजच्या ज्युतपिंग या रोमन पद्धतीत 'जे' म्हणजे 'य', पिनयिनमध्ये मात्र 'च'च्या जवळचा. म्हणून दोन्ही भाषा एकदम सुरू करू नयेत.

सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार, मँडरिनमध्ये चार, कँटनीजमध्ये सहा. कँटनीज 'सी' सुराप्रमाणे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार किंवा गोष्ट होते. प्रश्नाच्या शेवटी आवाज चढवायची आपली खोड शब्दच बदलून टाकते; तिथे मँडरिनमध्ये 'मा', कँटनीजमध्ये बहुधा 'आ' जोडायचा.

हॉटेलच्या काउंटरवर काम असेल तर मी मँडरिनच सांगेन, कारण पाहुणे बहुतेक चीनच्या मुख्य भूमीवरून येतात. किचनमध्ये, बसमध्ये, बाजारात कँटनीज. पोर्तुगीज येणाऱ्या जुन्या गोंयकारांना इथल्या रस्त्यांच्या पाट्या वाचता येतील, ती अजून राजभाषाही आहे. मासळीचा भाव मात्र तिच्यात होत नाही.