विंडोज ११ आणि प्रीमियर एकाच संध्याकाळी का बदलले नाही : आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या सीताबर्डीच्या दुकानाला दोन तारे देऊन जे लिहिले, ते मी पूर्ण वाचले. आपल्या तक्रारी तीन आहेत. विंडोज ११ आणि प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एका संध्याकाळी बसवून द्यायचे सोडून आम्ही मशीन अडकवून ठेवले, गरज नसताना नवी एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) घ्यायला लावली, आणि मशीन नेल्यावर लग्नाचे एक प्रोजेक्ट आपल्या भागीदाराच्या मशीनवर उघडेना, म्हणजे ते आमच्या हातून खराब झाले. तुळशीचे लग्न तोंडावर असताना एडिटिंगचे मशीन दुकानात पडून राहणे किती जड जाते, याची मला जाणीव आहे. तरीही आम्ही जे केले ते विचारपूर्वक केले, आणि नागपुरातल्या ज्या एडिटरांच्या मशीनवर अजून विंडोज १० आहे त्यांनाही उपयोगी पडावे म्हणून त्याची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापराच्या मशीनला नावनोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहतात, म्हणून लग्नसराई उरकल्यावर हे काम काढावे, असे मी आपल्याला सुचवले होते. परंतु आपल्याला नवी आवृत्ती याच सीझनला हवी होती आणि तो निर्णय सर्वस्वी आपला होता. विंडोज ११ ला लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आपल्या मदरबोर्डवर होतेच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होते. ते चालू करायला काही मिनिटे पुरली.

वेळ लागला तो क्रम पाळण्यात. ऑपरेटिंग सिस्टिम आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर एका दमात बदलले आणि नंतर एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणे) अर्ध्यावर अडकू लागले, तर दोष विंडोजचा, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा, एखाद्या प्लगइनचा (जोड-सॉफ्टवेअरचा) की प्रीमियरचा, हे शोधता शोधता नाकी नऊ येतात. म्हणून आम्ही आपल्या जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घेतली, विंडोज ११ त्या प्रतीवर चढवले, त्यावर आधी आपले जुनेच प्रीमियर चालवून एक पूर्ण झालेले काम पुन्हा एक्सपोर्ट करून पाहिले आणि ते सुरळीत झाल्यावरच नवी आवृत्ती बसवली. ती बसवताना जुनी आवृत्ती काढून टाकण्याचा पर्याय येतो, तो आम्ही आवर्जून बंद ठेवला. त्यामुळे आज आपल्या मशीनवर दोन्ही आवृत्त्या आहेत.

एसएसडीचे कारणही यातच आहे. विंडोज ११ वरून परत १० वर जाण्याची सोय साधारणपणे पहिले १० दिवसच असते. अ‍ॅडोबी ही प्रीमियर बनवणारी कंपनी तर चालू आणि तिच्या आधीची, एवढ्या दोनच मुख्य आवृत्त्या डाउनलोडसाठी ठेवते, आणि आपली आवृत्ती त्याहून जुनी होती. मूळ डिस्क पुसली असती तर ती जुनी आवृत्ती परत मिळवायला अधिकृत मार्गच राहिला नसता. ग्राहकाची अर्धवट कामे ज्या डिस्कवर आहेत, तिच्यावर प्रयोग करणे मला पटत नाही. मॅकवर काम करणारे आपले व्यवसायबंधूही या अनुभवातून गेले आहेत : २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो एक्स या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या फायनल कटची प्रोजेक्ट उघडत नव्हती, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिना या ऑपरेटिंग सिस्टिमने ३२ बिटची (जुन्या पद्धतीची) सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बंद केली.

सर्वांत जास्त वेळ मात्र मराठी शीर्षकांनी घेतला, आणि त्याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. प्रीमियरमधला शीर्षके करण्याचा जुना टायटलर २०२३ च्या आवृत्तीपासून निवृत्त झाला असून त्यात केलेली शीर्षके नव्या ग्राफिक्समध्ये रूपांतरित करावी लागतात. आपल्या प्रोजेक्टमध्ये तसे केल्यावर ‘चि. सौ. कां.’ मधली वेलांटी ‘च’च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि वधूच्या नावातले जोडाक्षर पाय मोडून दोन तुकड्यांत दिसू लागले. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडल्यावर अक्षरे जुळली, परंतु ओळींमधले अंतर हलले होते. म्हणून आपल्या प्रत्येक अपूर्ण प्रोजेक्टमधले प्रत्येक शीर्षक आमच्या दुकानातल्या मुलांनी डोळ्यांखालून घातले. लग्नाच्या व्हिडिओत नाव चुकीचे दिसले तर दोन्हीकडच्या मंडळींसमोर खाली मान आपल्याला घालावी लागते, म्हणून या कामात घाई करू दिली नाही.

आता न उघडणाऱ्या प्रोजेक्टविषयी. ते खराब झालेले नाही. जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडताना प्रीमियर त्याची नव्या नावाने रूपांतरित प्रत करते, आणि ती प्रत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आपल्या भागीदारांकडे जुनी आवृत्ती आहे आणि त्यांच्याकडे गेली ती नवी प्रत. मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये आधीच्या नावाने शाबूत आहे, ती त्यांना द्यावी. उघडल्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी दिसली तरी घाबरू नये. प्रोजेक्ट फाइल म्हणजे केवळ यादी असते, सामान वेगळ्या कोठारात असते, आणि त्यांच्या मशीनवर ड्राइव्हचे अक्षर वेगळे असल्याने पत्ता जुळत नाही इतकेच. फुटेजचे फोल्डर एकदा दाखवून दिले की काम पुढे चालते. नव्या प्रतीत आपण बरेच एडिटिंग केले असेल, तर एक्सएमएल (एडिटिंगची नोंद ठेवणारी फाइल) काढून ते जुन्या आवृत्तीत नेता येते, मात्र सगळे इफेक्ट त्यातून जातीलच असे नाही. त्यापेक्षा हे लग्न हातावेगळे होईपर्यंत दोघांनी एकाच आवृत्तीवर काम करावे, असा माझा आग्रह आहे.

भागीदारांचे मशीन आपण दुकानात आणल्यास ही जुळवाजुळव आम्ही कोणतेही शुल्क न घेता करून देऊ. मूळ डिस्क आपल्याला बिलासोबत पाकिटात दिली आहे. या सीझनची सर्व कामे ग्राहकांच्या हाती पडेपर्यंत ती दुसऱ्या कामासाठी वापरू नये, ही विनंती.