तर्जुमा उर्दूतच का?

रमजान जवळ आला की कुणा ना कुणा मित्राचा फोन येतोच. यंदाचा मित्र दापोलीचा, वाचनाचा किडा. त्याला कुठेतरी मराठी कुराण मोफत मिळालं. "वाचायला घेतलंय, पण वजू करावी लागते का रे?" मी म्हटलं, बिनधास्त वाच. अरबी कुराणाला हात लावायला वजू, म्हणजे ठरल्या रीतीने हात-तोंड-पाय धुणं, लागते. निव्वळ भाषांतराला ती अट नाही, असं बरेच आलिम (धर्मपंडित) सांगतात. तो हिरमुसला. "म्हणजे हे खरं कुराण नव्हेच?"

नव्हेच. आमच्या लेखी कुराण म्हणजे अरबीतले तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच उच्चाराने. बाकी सगळा तर्जुमा, म्हणजे माणसाने आपल्या कुवतीने लावलेला अर्थ. मार्माड्यूक पिक्थॉल नावाचा इंग्रज मुसलमान मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता, पुढे हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला. १९३० साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, तेव्हा त्याने शीर्षकातच 'कुराणाचा अर्थ' असं घालून टाकलं.

आता हिफाजतीचं, म्हणजे कुराण जसंच्या तसं राखण्याचं. 'हे स्मरण आम्हीच उतरवलं आणि आम्हीच त्याचे रक्षणकर्ते' ही सूरह (अध्याय) हिज्रमधली आयत, म्हणजे वचन (१५:९), आमच्याकडे बयानात, म्हणजे प्रवचनात, हमखास येते. पण ही राखण चालते कशी, ते बघायचं तर तरावीला, रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजला, मागे उभं राहावं. पुढे हाफीज, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेला, तोंडपाठ पढतोय, त्याच्या मागच्या रांगेत दुसरा हाफीज कान लावून उभा. कुराणात एकमेकींसारख्या आयती पुष्कळ आहेत. अशा जागी पढणारा नकळत एका सूरहमधून दुसरीत घसरतो. की मागून लगेच लुकमा येतो, बरोबर शब्द मोठ्याने सांगितला जातो, आणि पुढचा मुकाट दुरुस्त करून पुढे जातो. कितीही नावाजलेला हाफीज असो, भर जमातीत टोकलं जाण्याची त्याला लाज वाटत नाही. मला ही शिस्त फार आवडते. महिनाभरात कुराणाचे तीसही पारे (भाग) असे सगळ्यांसमोर तपासून निघतात, आणि हे हर्णैपासून मोरोक्कोपर्यंत चालतं.

कागदाची गोष्ट त्यामानाने उशिराची. पैगंबरांच्या हयातीत आयती चामड्यावर, हाडांवर, खजुराच्या फांद्यांवर लिहिलेल्या होत्या, पण एका जागी बांधलेला ग्रंथ नव्हता. त्यांच्यानंतर लवकरच यमामाच्या लढाईत बरेच पाठांतर करणारे मारले गेले. हजरत उमर धास्तावले आणि त्यांनी पहिले खलीफा अबू बक्र यांना संकलनासाठी गळ घातली. काम आलं जैद बिन साबित यांच्यावर. एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी हलका वाटला असता, असं ते पुढे म्हणाल्याचं हदीसमध्ये आहे. मग ६५०च्या सुमारास तिसरे खलीफा हजरत उस्मान यांनी प्रमाण प्रती करून ठिकठिकाणी धाडल्या आणि बाकीच्या जाळायला लावल्या.

हा जाळण्याचा भाग आमचे वक्ते घाईत उरकतात. 'एका नुक्त्याचाही फरक नाही' हे वाक्य मात्र ठासून म्हणतात. अरे, सुरुवातीच्या हस्तलिखितांत नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबं, जवळजवळ नसायचेच! शिवाय मान्य किरात, म्हणजे कुराण पढण्याच्या रीती, दहा आहेत. आपल्याकडे हफ्सची चालते, मोरोक्कोत वर्शची. जहाजावर नोकरीला असलेला आमचा एक नातलग तिथल्या मशिदीत फातेहामध्ये, म्हणजे कुराणाच्या पहिल्या सूरहमध्ये, 'मालिकि'च्या जागी आखूड 'मलिकि' ऐकून चक्रावला होता. दोन्ही रूपं मान्य आहेत आणि परंपरेने ती उघडपणे जपलीत. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या कुराणाच्या पानांचं चामडं तपासलं, ते इ.स. ५६८ ते ६४५ दरम्यानचं निघाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. ही बातमी आमच्या ग्रुपवर अजून फिरते, मलाही आनंद झाला होता. पण माझा विश्वास त्या प्रयोगशाळेवर उभा नाही आणि असल्या फॉरवर्डवर तर नाहीच.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. शब्द राखण्यात आम्ही काही कमी केलं नाही. अर्थाचं काय? आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मताने चालणारे. नमाजमध्ये अरबीशिवाय काही चालत नाही याबाबत इमाम शाफई ठाम होते. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांनी फारसीला मुभा दिली होती, त्यांच्या शिष्यांनी ती अरबी न जमणाऱ्यांपुरती ठेवली. ठीक. पण हा वाद नमाजमधल्या पढण्याचा. आमच्याकडे तो ओढून बयानापर्यंत आणला जातो, आणि गंमत म्हणजे तिथे अरबीची जागा उर्दू घेते. घरात आम्ही कोकणी बोलतो, सातबारा मराठीत वाचतो, पोरं इंग्रजी शाळेत जातात. आणि जुम्याच्या (शुक्रवारच्या) अरबी खुतब्याआधी, म्हणजे नमाजआधीच्या भाषणाआधी, उर्दूत जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं त्या पोरांच्या डोक्यावरून जातं.

उर्दूवर माझा राग नाही, मी उर्दू शाळेतच शिकलो. पण दिल्लीचे आलिम शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात फारसी तर्जुमा केला आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत केला, तेव्हा उर्दू ही आलिमांची भाषा नव्हती. किताबं फारसी-अरबीत लिहिली जायची, उर्दू लोकांच्या तोंडची. त्यांनी लोकांची भाषा उचलली म्हणून आज आपल्याला उर्दू दीनची (धर्माची) भाषा वाटते. मग मराठीशी सोयरीक करायला हरकत कसली? मी चाळलेल्या मराठी भाषांतरांची भाषा जडच आहे, हे कबूल. वापरात येईल तशी ती सुधारेल.

न समजता पढण्यालाही सवाब (पुण्य) आहे, हर अक्षराला दहा नेक्या. माझी आई हयातभर तशीच पढली, तिच्या पढण्याला मी कधी कमी लेखणार नाही. पण कुराण स्वतःच म्हणतं की प्रत्येक पैगंबर त्याच्या कौमच्या (लोकांच्या) भाषेत पाठवला, म्हणजे त्याने उलगडून सांगावं (१४:४).

या रमजानमध्ये तरावीनंतर पंधरा मिनिटं त्या रात्री पढलेल्या भागाचा सारांश मराठीत सांगावा, असं मी आमच्या जमातीपुढे मांडणार आहे. कुणी म्हणेल उर्दू बुडेल, कुणी म्हणेल लोक दमलेले असतात. दुसरी हरकत खरी आहे, त्यामुळे पंधराची दहा मिनिटं करायला मी तयार आहे. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, मुरुडकडे कुठे हे आधीच चालू असेल तर कमेंटमध्ये लिहा: कोण सांगतं, किती वेळ, आणि पोरं थांबतात का.