सहन कर म्हणालो, तिथंच चुकलं

मुलगा पाच आठवडे झाले घरी आहे, सिक लीव्हवर. कोपरखैरण्यात आमच्या जिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, सुट्टी संपत नाही का पोराची?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

अग्निवीर म्हणून लागला तेव्हा पेढे मीच वाटले होते. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत, बीमवर दहा पुल-अप्स. गाव साताऱ्याकडचं, घरटी एक फौजी, कौतुकाला काय तोटा! ट्रेनिंग 31 आठवड्यांचं. तिसऱ्या महिन्यात रविवारच्या फोनवर हळूच म्हणाला, "पप्पा, जांघेत दुखतंय. पळताना पाय टाकवत नाही. मम्मीला सांगू नका." मी म्हणालो, "लचक भरली असेल. सहन कर. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेलास तर रेलिगेट करतील."

बावीस वर्षं दाणा बाजारात गोणी वाहतोय. पाठ धरली की बाम चोळायचा आणि सकाळी पुन्हा गाडी खाली करायची. दुखण्याबद्दलचं माझं शिक्षण एवढंच. आणि रेलिगेट म्हणजे तरी काय, मागच्या बॅचबरोबर राहिलेलं ट्रेनिंग पुरं करायचं. आम्ही बापलेक त्याला नापास होणं समजून बसलो.

खुब्याच्या हाडाला बारीक तडा गेला होता. स्ट्रेस फ्रॅक्चर. पळणं, वजन एकदम वाढतं, हाडाला भरून यायला उसंत मिळत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतही नाही, एमआरआयत दिसतं. नडगीचा तडा बहुधा विश्रांतीनं भरतो. खुब्याचा अंगावर काढला तर हाड सरकू शकतं. त्याचं सरकलं. ऑपरेशन झालं, तीन स्क्रू बसले. पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्ड आहे, म्हणजे फौजेचे डॉक्टर बसून ठेवायचं की नाही ते ठरवणार, आणि लक्षणं घरी पाठवायचीच दिसतायत.

उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांना, मी बोल लावत नाही. त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं.

आता लोकांचं. एक शेजारी मोबाईलवर वाचून आले, "44 लाख मिळतात म्हणे?" अहो, ते सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलं तर. 75 टक्क्यांना 25, 50 टक्क्यांना 15 लाख. पोरगं चालायला लागावं म्हणून आम्ही देव पाण्यात घातलेत आणि हे टक्के मोजतायत! गावाकडून चुलत्यांचा फोन आला, "झेपलं नाही होय?" स्पीकर चालू होता. त्या दिवसापासून तो घरातसुद्धा टोपी घालतो, बारीक केस दिसू नयेत म्हणून.

मीही काही कमी नाही. तिसऱ्या दिवशीच पोलीस भरतीची जाहिरात त्याच्यापुढे ठेवली. खुब्यात स्क्रू असलेल्या पोरापुढे! त्याने कागदाची नीट घडी केली आणि परत दिली. बायको मला आत घेऊन जे बोलली ते इथं लिहीत नाही.

ज्यांची पोरं आज ट्रेनिंगला आहेत त्यांना एकच सांगणं. दुखतंय म्हणाला तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट कर म्हणा. बॅच मागं पडली तर पडू दे. आणि बोर्डापर्यंत गोष्ट गेलीच तर कंटाळून "स्वखुशीने घरी जातो" असा अर्ज त्याला देऊ देऊ नका. दुखणं सेवेमुळे झालं की नाही, हे बोर्डाच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं अडतं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. एनडीएसारख्या ठिकाणांहून मेडिकलवर बाहेर पडलेल्या कॅडेट्सचा प्रश्न 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हातात घेतला. अधिकारी होऊ घातलेल्यांची ही गत, तर आमच्यासारख्यांनी कागद जपलेच पाहिजेत.

पोरगा अजून साडेचारला उठतो. कुबडी भिंतीला टेकवून एका पायावर चादर ताणतो, एक सुरकुती राहू देत नाही. काळी ट्रंक कॉटखाली आहे, वर पांढऱ्या रंगात नंबर. ती माळ्यावर टाकू का, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, त्याला विचार. तो म्हणाला, राहू दे सध्या.

मुकादमाला सांगून ठेवलंय, बोर्डाच्या वेळी तीन दिवस खाडा. ट्रेनिंगला सोडायला गेलो नव्हतो, सीझन होता.