चिकटलेले मणके आणि 'दोन छिद्रांत ऑपरेशन'वाला फॉरवर्ड

मामांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणके एकमेकांना चिकटत जाण्याचा आजार) आहे, त्यामुळे "मणका मोडला तरी घाबरू नका" हा फॉरवर्ड फिरत फिरत मामीपर्यंत पोचणार हे ठरलेलंच होतं. आता ती विचारतेय, खरंय का रे हे? त्यात म्हटलंय की फ्रॅक्चर आता दोन छिद्रांतून, लेझरने नीट होतं, मोठी चीर घालणारे डॉक्टर लुटारू. एक्स-रे नॉर्मल आला की विषय संपला. कडक मणका पट्ट्यानेच जुळतो. आणि पडलेल्या माणसाची उशी काढून त्याला फळीवर सपाट झोपवा म्हणजे पाठीचा बाकही जातो.

फळीपासूनच सुरू करतो, कारण ती जीवावर बेतणारी आहे. या आजारात मणके हाडानेच एकमेकांना जोडले जातात, कित्येकांची मान-पाठ पुढे वाकून तशीच पक्की होते. तो बाक उशी काढून जात नसतो हो! अशा माणसाला मोडल्यावर सपाट झोपवलं की डोकं मागे पडतं आणि अख्ख्या पाठीत हलू शकणारी जागा एकच उरते, जिथे मोडलंय ती. भेग उघडते, हाड सरकतं, मज्जारज्जूवर दाब येतो आणि हातपाय हलवत आलेला माणूस लुळा पडू शकतो. मानेचा नेहमीचा सरळ कॉलर जबरदस्तीने बसवला तरी तोच धोका. आधी जसा वाकलेला होता तसाच ठेवायचा, डोक्याखाली उशा, चादरी काय मिळेल ते भरायचं, आणि अँब्युलन्सवाल्यापासून एमआरआयच्या टेक्निशियनपर्यंत प्रत्येकाला सांगायचं की याचे मणके चिकटलेत.

एक्स-रे. हे मणके बाथरूममधे घसरण्यानेही मोडतात, हाड ठिसूळ असतं, खांदे आड येतात आणि भेग दिसतच नाही, त्यात पाठ रोजचीच दुखते म्हणून पेशंटही गप्प. सिएटलच्या डॉक्टरांनी २०१० मधे 'स्पाइन' जर्नलमधे अशा चिकटलेल्या मणक्यांच्या, मोडलेल्या ११२ पेशंटचा अभ्यास छापला. १९ टक्के लोकांचं फ्रॅक्चर उशिरा कळलं, आणि त्या उशिरा कळलेल्यांपैकी ८१ टक्क्यांना मज्जारज्जू किंवा नसांची इजा होती. म्हणून पडल्यावर दुखणं वेगळं वाटलं की सीटी स्कॅन, आणि तोही पूर्ण कण्याचा, कारण मोडलेली जागा एकच असेल असं नाही.

आता छिद्रं. इथे थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. छोट्या चिरांतून स्क्रू घातले तर स्नायू कमी सोडवावे लागतात, रक्त कमी जातं, आणि वयस्कर, फुफ्फुसं आधीच जखडलेल्या माणसाला त्याचा फायदा असतो. शिवाय या लोकांचं हाड चांगलं जुळतं, त्यामुळे उघडून वेगळं हाड भरायची गरज बऱ्याचदा पडत नाही. पण दोन छिद्रं कुठली? ठिसूळ हाडात पकड मिळावी म्हणून मोडलेल्या जागेच्या वर-खाली दोन-तीन मणके धरावे लागतात, म्हणजे तीन-तीन धरले तर दोन्ही बाजूंचे मिळून १२ स्क्रू, आणि रॉड तर असतातच. आत रक्ताची गाठ किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबत असेल तर बहुतेक वेळा उघडावंच लागतं, तुकडे खूप सरकले असतील तरी बऱ्याचदा तेच. आणि या आजारात फ्रॅक्चर बरेचदा मानेच्या खालच्या भागात होतं, तिथे छिद्रांतून स्क्रू घालणं हा काही रोजचा मार्ग नाही. मोठी चीर घातली म्हणून डॉक्टर लुटारू ठरत नाही, आधी स्कॅनमधे काय दिसलं ते विचारा. आणि किरकोळ तर यातलं काहीच नाही, त्याच अभ्यासात ८४ टक्के पेशंटना किमान एक तरी गुंतागुंत झाली होती.

पट्टा? वर-खाली दोन लांब कडक तुकडे एकाच जागी हलतायत, ते बाहेरच्या पट्ट्याने काय धरणार. ऑपरेशन झेपणारच नाही अशांना कधी तसं ठेवावं लागतं, ती मजबुरी असते.

राहिलं लेझर. मोडलेला मणका लेझरने जुळत नाही, यावर अजून काय लिहायचं.