डॉक्टरांनी हात कधी टेकले रे?

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहा घेत उभा होतो, तर तरुण संघातला एक पोरगा आला आणि हळूच म्हणतो, काका, पुढच्या रविवारी साक्ष द्यायला (म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला) सांगितलंय पण माझं काही झालंच नाही हो. म्हटलं म्हणजे? तर म्हणे दारू नाही, अॅक्सिडेंट नाही, मरता मरता वाचलो असं पण नाही, लहानपणापासून नुसतं संडे स्कूल, मग सांगू काय? आधी हसू आलं, मग लाज वाटली, कारण हे त्याला शिकवलं कोणी, आम्हीच की.

साक्षीचा आपल्याकडे एक साचाच पडून गेलाय. आधी पाप, जितकं जास्त तितकं बरं, मग आजारपण नाहीतर कर्ज, मग डॉक्टरांनी हात टेकले, मग प्रार्थना आणि शेवटी हालेलुया. मीही दिलीये अशी, उगाच साळसूद कशाला बनू. बारा-तेरा वर्षं झाली असतील, एका कन्व्हेन्शनला. आईला टायफॉइड झाला होता आणि ती बरी झाली, एवढीच गोष्ट. पण माइक हातात आला, समोर मंडप भरलेला, आणि मी बोलून गेलो की डॉक्टरांनी आशा सोडली होती. टाळ्याही पडल्या. आई दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "डॉक्टरांनी हात कधी टेकले रे? चौदा दिवस गोळ्या मी घेतल्या, तू नाही." म्हटलं अगं तसं म्हणायचं असतं. तर म्हणे, "मग त्याला साक्ष नको म्हणू." भाकरी उलटली आणि विषय संपला.

पप्पा नगरच्या कोर्टात कारकून होते (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय). ते सांगायचे, साक्षीदाराने बघितलं तेवढंच बोलावं, ऐकीव सांगायला लागला की समोरचा वकील त्याला सोलून काढतो. कोर्टातही साक्षच आणि चर्चमध्येही साक्षच, शब्द एकच आहे ना. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायातला तो जन्मापासूनचा आंधळा बघा, परूशी म्हणजे तेव्हाचे कर्मठ यहुदी धर्मपुढारी त्याला खोदून खोदून विचारतायत, तुला बरं करणारा येशू पापी आहे की नाही ते बोल, आणि तो म्हणतो ते मला माहीत नाही, मला एकच माहितीये, आंधळा होतो आणि आता दिसतंय. वकिलाला सोलायला काही ठेवलंच नाही पठ्ठ्याने.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक, त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. मधल्या वर्षांतला राग, रडणं, सोवळंओवळं, नवऱ्यापासून लांब राहणं, यातलं काहीही त्यांनी 'स्मृतिचित्रां'त, म्हणजे आपल्या आत्मचरित्रात, झाकलं नाही, उलट स्वतःलाच हसतात जागोजागी. वीज चमकली, आवाज आला असलं काही नाही. जात माणसाने केलेली आहे हे पटलं तशी ती आधी गळून पडली, ख्रिस्त नंतर. चर्चची पायरी कधी न चढलेली माणसंसुद्धा ते पुस्तक आवडीने वाचतात ते उगाच नाही.

ऑफिसात डबा खाताना कोणीतरी विचारतंच, काय रे, ख्रिस्ती व्हायला तुम्हाला किती पैसे मिळाले होते? पूर्वी भांडायचो, आता म्हणतो पणजोबांचं माहीत नाही बाबा, मला तर होम लोनचा हप्ता आहे. घटनेच्या कलम 25 मध्ये आपला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे, पण 1977 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही. आमच्यातल्या काहींना हे खटकतं, मला नाही खटकत. साक्षीदाराने सांगून खाली उतरावं, निकाल त्याने द्यायचा नसतोच.

तर त्या पोराला मी माझी खरी साक्ष सांगितली, जी स्टेजवर कधीच सांगितली नाही. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला, कारण मधली भिंत आणि तिच्यावरचा पत्रा, हसू नका. एका प्रभुभोजनाच्या रविवारी (येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर खातात तो विधी) मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला, वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. शंभरदा ऐकलेलं. पण त्या दिवशी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि हातच पुढे होईना, शेजारच्याकडे सरकवलं. संध्याकाळी गाडी काढली. माफी मागायची म्हणून वाटेत दोनदा पाठ केलेलं, त्याने दार उघडलं तर तोंडातून निघालं, "पत्रा तुझ्याकडेच राहू दे." तो म्हणाला, "चप्पल आत घे, कुत्रं नेतंय." मग चहा झाला आणि अर्धा तास आम्ही पाण्याच्या टँकरवर बोललो. मोजणी अजून झालेली नाही, भिंतीचं अजून पटत नाही, पण आता फोन येतो त्याचा.

पोरगा जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, काका, मी रोज रात्री आजीला स्तोत्र वाचून दाखवायचो, ती गेली तेव्हापासून आठ महिने बायबल उघडलंच नव्हतं, परवा उघडलं तर खूण तिथेच होती, तिचं औषधाचं रिकामं पाकीट. एवढंच आहे.

म्हटलं एवढंच सांग, आणि माइक जरा तोंडाजवळ धर, मागे ऐकू येत नाही.